फौजीचं घर आणि घरातले कागद

(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथील प्रौढ वर्गात केलेलं भाषण)



धारा काढून, जेवणखाण आटोपून आपण सारे इथं जमलात. आयाबायाही आल्या आहेत, याचा आम्हांला जास्त आनंद आहे. आज पाटीवरचा धडा थोडा उशिरा घेऊ. आधी चार गोष्टी बोलू. विषय आपल्या ओळखीचाच आहे. विषय आहे फौजीचं घर.

आपल्या पेठेत, आणि आजूबाजूच्या कुठल्याही खेड्यात, निवृत्त फौजी नाही असं होत नाही. पारावर, चौकात, तालमीच्या कट्ट्यावर तो बसलेला दिसतो. पाठ ताठ, मिशा नीट, बोलणं मोजकं. पोरं त्याला लढाईच्या गोष्टी विचारतात. पण त्याच्या मागं त्याचं घर कसं चाललं, हे कुणी विचारत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

शेतकऱ्याचा पोरगा फौजेत का जातो? शौर्य हे एक कारण आहेच. आपल्या भागात तालमी आहेत, कुस्ती आहे, अंगात रग आहे. पण दुसरं कारण जमिनीचं आहे. बापाची चार एकर जमीन. मुलं चार. वाटणी झाली की वाट्याला एक एकर येणार. नदीकाठी पाणी असलं तर ऊस होतो, गूळ होतो. माळावरच्या रानात पावसानं दिलं तर पिकतं, नाही तर नाही. मग एक पोरगा घरातून उठतो आणि भरतीला जातो. त्याचा पगार घरी येतो. त्यातून बैल येतो, विहिरीचं काम होतं, बहिणीचं लग्न होतं. म्हणजे बंदूक त्याच्या हातात असते, पण तिच्यावर नांगर चालतो.

म्हणून काही गावांनी पिढ्यान् पिढ्या फौजेला माणसं दिली. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात टाकळी गाव आहे. तिथं घरोघर शिपाई. गावाचं नावच 'सैनिक टाकळी' पडलं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे आहे. त्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. एका गावचे शेहेचाळीस! त्या वर्षी त्या गावात पेरणी कुणी केली असेल, याचा विचार करा.

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललं. हिंदुस्थानातून १० लाखांहून जास्त माणसं त्यात गेली. मराठ्यांच्या पलटणी इराकात लढल्या. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. तिथं कूत नावाचं गाव आहे. १९१५ च्या डिसेंबरात तुर्की फौजेनं त्या गावाला वेढा घातला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. सुमारे पाच महिने वेढा चालला. दाणागोटा संपला. घोडी मारून खायची वेळ आली. पुष्कळ शिपायांनी ते मांस धर्मासाठी नाकारलं आणि उपास काढले. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैदी झालेल्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. त्यांतले पुष्कळ वाटेतच गेले.

आणि इकडं घरी काय होतं? इकडं एप्रिल म्हणजे चैत्र-वैशाख. नांगरट उरकायची, शेणखत पसरायचं, बियाणं राखायचं. घरची माणसं कामाला लागलेली. आपला माणूस जिवंत आहे की नाही, याचा पत्ता नाही.

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५. या वेळी हिंदी फौज सुमारे २५ लाखांची झाली. त्या लढाईतल्या दोन मराठी जवानांची नावं आपण लक्षात ठेवू.

पहिले यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. ते मराठा पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतले त्यांच्या सोबतचे सारे पडले. कुणी मेले, कुणी जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, तेव्हा दस्त्यानं झुंजले. मोर्चा घेतला, आणि तिथंच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघं २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पदक दिल्लीत त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं गेलं. घाडग्यांची समाधी कुठं आहे, ते कुणाला ठाऊक नाही. इटलीत कॅसिनो इथं एक स्मारक आहे. तिथल्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

दुसरे नामदेव जाधव. गाव निमज, तालुका संगमनेर. पलटणीत त्यांचं काम निरोप पोचवण्याचं. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या कंपनीवर भयंकर मारा झाला. जाधवांनी एका जखमी सोबत्याला पाठीवर घेतलं. खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याला पलीकडं पोचवलं. मग परत आले आणि दुसऱ्याला नेलं. मग एकट्यानं शत्रूच्या मोर्च्यांवर चालून गेले. हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना. तेव्हा ती टाकून हातबाँब फेकले. तीन मोर्चे गप्प केले. शेवटी बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची आरोळी ठोकली आणि मागच्या लोकांना पुढं बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परतले. पुढं स्वातंत्र्यही त्यांनी पाहिलं.

आता एक सांगा. जाधवांनी आधी काय केलं? आधी सोबत्याला पाठीवर घेतलं. मोर्चा नंतर. शूर माणसाची ही खूण आहे. आपल्या माणसाला मागं टाकायचं नाही.

पण घरी मागं राहिलेल्या माणसांना कुणी पाठीवर घेतलं? त्यांचीही गोष्ट सांगायला हवी.

धनी फौजेत गेला की शेत बाईच्या अंगावर पडतं. भांगलण, खुरपणी ती करतच होती. आता नांगराला माणूस बघणं, पाण्याची पाळी धरणं, उसाचा हिशेब, गुळाची पट्टी, सारं तिच्याकडं. सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं तिच्याकडं. पोरांची शाळा तिच्याकडं. शिपायाला निदान कवायत शिकवतात. हिला कुणी काही शिकवलं नाही.

महिन्याला मनिऑर्डर यायची. पोस्टमन दारात यायचा आणि म्हणायचा, "आक्का, हितं अंगठा उठवा." शाईचा डाग बोटाला लागायचा. किती रुपये आले, कुपनावर काय लिहिलंय, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं.

पत्राचंही तसंच. पहिल्या महायुद्धात पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, दुसरा लिहायचा. मग साहेब ते पत्र उघडून वाचायचा, कारण लढाईतली बातमी बाहेर जाता कामा नये. गावी आल्यावर मास्तर नाही तर पोस्टमन ते वाचून दाखवायचा. ओसरीवर सारी भावकी बसलेली. आता सांगा, नवऱ्यानं बायकोला अशा पत्रात काय लिहावं? "आम्ही खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवा." संपलं. काळजातलं काळजात राहिलं.

इंग्रजांच्या फौजेत पुढं शिपायांना शिकवू लागले. पण काय शिकवलं? रोमन उर्दू. म्हणजे भाषा उर्दू आणि अक्षरं इंग्रजी. बढतीसाठी फौजेतल्या परीक्षा द्याव्या लागत. त्यामुळं काही शिपाई इंग्रजी अक्षरं गिरवून आले, पण आपल्या मराठीत घरी चार ओळी लिहिणं काहींना जमेना. आणि घरात कारभारणीला कुठलीच अक्षरं येत नव्हती. एका घरातली दोन माणसं, पण दोघांना जोडणारा कागद नव्हता.

आपल्या कोल्हापुरात तर हे शोभणारं नव्हतं. इथं राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राजा म्हणाला, सगळी मुलं शिकलीच पाहिजेत. तरी पुष्कळ मुली गुरांमागं आणि धाकट्या भावंडांमागं राहिल्या. राजानं दार उघडलं, पण घरानं पाय अडवला. तो पाय आता आपण काढतो आहोत.

१९४५ साली लढाई संपली. फौज कमी करायची ठरली. लाखो जवानांना घरी पाठवलं. पुष्कळांची नोकरी चार-पाच वर्षांचीच. त्यांना पेन्शन बसली नाही. हातात ट्रंक, छातीला पदकं, खिशात थोडे पैसे. गावी आले आणि परत बैलांमागं उभे राहिले. पुढं महाराष्ट्र सरकारनं दुसऱ्या महायुद्धातल्या अशा जवानांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान सुरू केलं. पण ते यायला किती वर्षं गेली! ज्याच्याजवळ फौजेतला कागद जपून ठेवलेला होता, त्याचं काम सोपं झालं. ज्याचा कागद वाळवीनं खाल्ला, त्याच्या पराक्रमाला साक्षीदार कुठून आणायचा?

म्हणून आम्ही आज कागदांबद्दल बोलतो आहोत. कागद रुक्ष असतो. पण गरिबाचं सारं त्याच्यावर उभं असतं.

एक घर समजा. घरात दोन भाऊ. थोरला फौजेत, धाकटा शेतावर. थोरला पैसे पाठवतो, धाकटा राबतो. दोघांचाही घाम रानात पडतो. बाप गेला. वारसाची नोंद झाली नाही, किंवा झाली ती एकाच्याच नावानं. थोरला सुटून घरी आला. आता भाऊ भावाला म्हणतो, "मी राबलोय, रान माझं." दुसरा म्हणतो, "पैसं माझं, रान माझं." कोर्टात दोघंही जातात. रान तिथंच पडून राहतं. यात वाईट कुणीच नाही. सात-बाऱ्यावर वेळीच बरोबर नावं चढली असती, तर भाऊ भावाला मुकला नसता.

कुळकायद्याच्या वेळी हेच झालं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होता आलं. पण कूळ म्हणून नाव कागदावर असलं तर काम सोपं. नसलं तर हेलपाटे. फौजेतला माणूस स्वतः कसायला रानात नसतो, म्हणून त्याच्या जमिनीसाठी १९६४ साली कायद्यात खास कलमं घालावी लागली. कायदा झाला. पण तो कुणाच्या कामी आला? ज्याला तो कळला त्याच्या.

आता फौजीच्या घरात कुठले कागद नीट हवेत, ते मोजून घ्या.

पहिला, फौजेतून सुटल्याचं पुस्तक. त्याला सारे 'डिस्चार्ज बुक' म्हणतात. नोकरी किती झाली, पलटण कुठली, हे त्यात असतं.

दुसरा, पेन्शनचा हुकूम. जवानाला साधारण १५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन बसते. त्या हुकमात आणि पलटणीच्या दप्तरात बायकोचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे का, हे नवरा जिवंत असतानाच बघा. पुष्कळ घरांत माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात नाव बदललेलं. दप्तरात तिसरंच. नवरा गेल्यावर त्या माउलीला सिद्ध करावं लागतं की मीच ती. दुःखाच्या दिवसांत केवढी ही ओढाताण! एक अर्ज वेळेवर केला तर ती टळते.

तिसरा, हयातीचा दाखला. पेन्शन घेणारा जिवंत आहे, हे वर्षातून एकदा कळवावं लागतं. विसरलं की पैसे थांबतात.

चौथा, सात-बारा आणि आठ-अ. वर्षातून एकदा उतारा काढा. मोठ्यानं वाचा. घरात साऱ्यांना ऐकवा.

अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ते प्रत्येक मोठ्या जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, आपल्या कोल्हापुरातही आहे. तिथं माजी सैनिक आणि विधवा यांची कामं होतात. तिथं जायला लाजू नका. ती भीक नाही. तो हक्क आहे.

फौजी आजोबांनाही आमचं एक मागणं आहे. आजोबा, फौजेनं तुम्हांला पुष्कळ दिलं. वेळेवर उठणं, पाणी उकळून पिणं, लस टोचून घेणं, यंत्राची माहिती. गावानं ते तुमच्याकडून शिकावं. पण तुम्ही काही गोष्टी पोटात ठेवता. रात्री दचकून उठता. तोफेनं कान गेलेले असतात, तरी ऐकू येतंय असं दाखवता. ते घरच्यांना सांगा. आणि तुमची ट्रंक एकदा कारभारणीसमोर उघडा. कुठला कागद कशाचा, हे तिला दाखवा. मोर्च्यावर जाताना सोबत्याला वाट दाखवत होता ना? ही तुमची जन्माची सोबतीण आहे.

आणि आयाबहिणींनो, तुम्हांला तर काय सांगावं! तुम्ही शेत राखलंत, घर राखलंत, म्हातारी माणसं राखलीत. त्याबद्दल तुम्हांला पदक मिळालं नाही. कुठल्या दगडावर तुमचं नाव कोरलं नाही. मग कागदावर तरी ते असू द्या. सात-बाऱ्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव लावता येतं. त्यासाठी तलाठ्याकडं विचारा. आणि ते लागल्यावर दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

आता पाट्या काढा. आजचा धडा 'क' आणि 'ख' चा नाही. आज प्रत्येकानं आपल्या घरातल्या साऱ्या माणसांची नावं लिहायची. आधी घरातल्या बाईचं पूर्ण नाव, मग बाकीच्यांची. कुणाला काना-मात्रा अडला तर आम्ही आहोतच.