काळी दिसणारी गादी



कंबर धरली म्हणून येणारे पन्नाशीपुढचे पुष्कळ पेशंट खुर्चीत टेकण्याआधीच एमआरआयचं मोठं पाकीट टेबलावर ठेवतात. ‘डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय म्हणे. आता वाकायचंच नाही का?’ रिपोर्टात झीज असं वाचलेलं असतं आणि धसका बसलेला असतो.

मी फिल्म उजेडावर धरतो. मणक्यांच्या मधल्या गाद्या एकूण 23. प्रत्येकीच्या पोटात मऊ गर, भोवती चिवट तंतूंचं कडं. फिल्मवर पाणी भरपूर असलेली गादी पांढुरकी दिसते, पाणी आटलेली काळी. तरुणपणी या गरात जवळजवळ 80 टक्के पाणी असतं. मोठेपणी गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. शेजारच्या हाडातून पाझरेल तेवढ्यावर तिची गुजराण. त्यामुळे झालेली झीज सहसा भरून येत नाही. दिवसभराच्या भारानं गादीतलं थोडं पाणी बाहेर पडतं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते.

आता काळी दिसणारी प्रत्येक गादी दुखते का? 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, पाठ न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांची माहिती एकत्र केली. झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत दिसली, ऐंशीच्या घरात 96 टक्के लोकांत. हे आकडे मी आवर्जून सांगतो. घाबरलेला माणूस वाकणं सोडतो, चालणं सोडतो, पट्टा आवळून पडून राहतो. स्नायू दुबळे होतात आणि दुखणं मुक्कामाला येतं.

उसण भरली तर एखाद-दोन दिवस दमानं घ्या, शेक घ्या, पण अंथरूण धरू नका. घरातल्या घरात का होईना, चालत राहा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, तेवढ्यासाठी लगेच एमआरआय लागत नाही. बिडी-सिगारेट मात्र सोडाच, ती गादीचं आधीच तुटपुंजं पोषण आणखी तोडते.

काही लक्षणांना थांबायला वेळ नसतो. पायातली ताकद जाऊ लागली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि घरातली आजी नुसती घसरून बसली व त्यानंतर पाठीत कळ सुरू झाली, तर एक्स-रे काढून घ्या. ठिसूळ हाडाचा मणका एवढ्यानंही मोडतो.