भाषण ऐकणाऱ्याची जागा



भाषणांविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं, ते बहुतेक वक्त्यांविषयी असतं. आचार्य अत्र्यांनी सभा कशी हसवली, प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांचं पाठांतर किती अफाट होतं, कोणाच्या आवाजानं मैदान कसं भारून गेलं, याच्या आठवणी आपण प्रेमानं जपतो. समोर बसलेल्या हजारोंचं त्या भाषणानं काय केलं, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मला आज एवढंच मांडायचं आहे, की भाषणाची पारख ऐकणाऱ्याच्या बाजूनं करायला हवी. भाषण मला कुठं बसवतं? निर्णय घेणाऱ्यांत, पुरावा तपासणाऱ्यांत, की उपकाराखाली मान झुकवून बसलेल्यांत? पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात भाषणावर लोकांचे पगार आणि नोकऱ्या अवलंबून असतात, म्हणून हा प्रश्न इथं अधिक निकडीचा आहे.

ही कसोटी परकी नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका कडेला देहू आहे, दुसऱ्या कडेला आळंदी. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराला मनाला येईल ते सांगून पुढं जाता येत नाही. सिद्धान्त मांडला की त्याला संतवचनाचं प्रमाण द्यावं लागतं, आणि मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण लगेच उचलून धरतात. समोरच्या श्रोत्यालाही तो अभंग पाठ असतो, त्यामुळे प्रमाण चुकलं तर त्याच्या लक्षात येतं. म्हणजे अक्षरओळखही नसलेल्या श्रोत्याला या परंपरेनं तपासनीसाचा मान दिला. तोच श्रोता, किंवा त्याचा नातू, कंपनीच्या गेटवर उभा राहिला की प्रमाण मागायचं का विसरतो, याचा विचार आपण करायला हवा.

गेटसभेतलं एकच वाक्य जवळून पाहू. वेतनकरार झालेला असतो, गुलाल उधळला जातो, फटाके वाजतात, पाळी सुटलेले कामगार डब्याच्या पिशव्या खांद्याला लावून उभे असतात. माइक हातात घेऊन नेता म्हणतो, ‘तुम्हाला 12,000 रुपयांची वाढ मिळवून दिली!’ टाळी ‘12,000’वर पडते. आकडा खरा असतो, पण त्याचे तुकडे भाषणात येत नाहीत. समजा, वाढ पहिल्या वर्षी निम्मी आणि पुढच्या दोन वर्षांत पाव-पाव अशी ठरली असेल, तर पहिल्या वर्षाच्या वाट्याला 6,000 येतात. आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला कामगारामागे पडणाऱ्या एकूण खर्चाचा असेल, तर पीएफमधला कंपनीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही त्यातच धरलेली असू शकते. हातात पडणारी रक्कम त्याहून कमी. बदल्यात उत्पादन किती वाढवून द्यायचं कबूल केलं, ते करारात वेगळ्या कलमात असतं आणि भाषणात बहुधा नसतंच. पण मला आकड्यापेक्षाही ‘मिळवून दिली’ हे क्रियापद जास्त खटकतं. बोलणी महिनोन्‌महिने रखडली तेव्हा काळ्या फिती लावल्या कामगारांनी, जेवणावर बहिष्कार टाकला कामगारांनी, वर्गणी दिली कामगारांनी. वाक्यात मात्र ते घेणारे झाले आणि देणारा एकटा माइकपाशी उरला. ‘आपण मिळवली’ म्हटलं असतं तर टाळी कमी पडली नसती. पण मग पुढच्या करारात ‘आपण किती सोडलं?’ हे विचारण्याचा हक्कही समोरच्याला मिळाला असता.

व्यवस्थापनाची भाषणंही याच काट्यानं तोलायला हवीत. वर्धापनदिनाला ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं ऐकू येतं. मराठीतलं ‘आपण’ ऐकणाऱ्याला कवेत घेतं, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवतं. म्हणून नफ्याच्या, बक्षिसाच्या, निर्यातीच्या दिवशी ‘आपण’ असतो. मंदीच्या दिवशी सूचनाफलकावर ‘मनुष्यबळ कमी करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे’ असं झळकतं आणि ‘आपण’ तर नाहीच, ‘आम्ही’सुद्धा त्या वाक्यात सापडत नाही. निर्णय घेणारा कोणीच नाही, त्यामुळे दाद मागायची तरी कोणाकडे?

कुटुंबाच्या या भाषेला आपल्याच पट्ट्यातून एकदा फार लक्षणीय उत्तर मिळालं. जून 2013 मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात संप सुरू झाला आणि सुमारे 50 दिवस चालला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत एक अशी होती, की प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर, दर शेअरला 1 रुपया या भावानं द्यावेत. मागणी मान्य झाली नाही आणि ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला. हिशेबाच्या दृष्टीनं ती व्यवहार्य होती का, यावर वाद होऊ शकतो. वक्तृत्वाच्या दृष्टीनं ती मला मोठी वाटते, कारण ‘आम्हाला द्या’ म्हणत आलेल्या चळवळीनं तिथं ‘आम्हाला भागीदार धरा’ असं म्हटलं. श्रोत्याची जागा एका मागणीनं बदलली.

मात्र कामगार चळवळीच्या ‘आपण’लाही कुंपण आहे, आणि ते मी इथं झाकणार नाही. त्याच शेडमध्ये, त्याच लाइनवर, तोच बोल्ट आवळणारा कंत्राटी मुलगा, शिकाऊ म्हणून आलेली मुलगी, बिहार-ओडिशातून किंवा बीड-लातूरहून आलेला नवखा हेल्पर, यांतलं कोणी गेटसभेतल्या ‘आपल्या कामगारां’मध्ये सहसा मोजलं जात नाही. त्यांतले कित्येक जण घोळक्याच्या कडेला उभे राहून भाषण ऐकतात, पण ते त्यांना उद्देशून नसतं.

यावर कोणी म्हणेल, लढा ऐन भरात असताना ही चिरफाड कशाला? आठ तास उभं राहून थकलेल्या माणसाला हिशेब नको, उभारी हवी, आणि एकजूट भावनेनं बांधली जाते, कलमांनी नाही. आक्षेपात तथ्य आहे. भावनेवाचून कोणताही संप एक दिवसही टिकत नाही. पण भावना आणि हिशेब एकमेकांचे वैरी आहेत, हे गृहीत मला मान्य नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्यातल्या कन्हेरसरशी ज्यांच्या घराण्याचं नातं, ते कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आठवा. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर त्यांनी भरवलेल्या सभेला सुमारे 10,000 गिरणी कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तिथं बोलल्या. दुःख तर तिथं ओसंडत होतं, पण त्या दुःखाला आठवड्याच्या सुट्टीच्या मोजता येणाऱ्या मागणीचं रूप मिळालं. 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी मिळाली की नाही, हे प्रत्येक कामगाराला पुढच्या रविवारी स्वतःच पडताळता येणार होतं. भावनेला पडताळ्याची जोड मिळाली की ती दुबळी होते, असं म्हणायला मला आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या साहित्यिकांकडून येईल, की अशी तपासणी करता करता आपण शब्दांत चुका शोधणारे पहारेकरी होऊ. ही भीती खरी आहे आणि तिचं उदाहरण याच शहरात घडलं. जानेवारी 2016 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांनी त्याआधी पंतप्रधानांच्या लाहोर भेटीवर बोलताना केलेल्या एकेरी उल्लेखावरून मोठा वाद पेटला आणि अखेर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. एकेरी उल्लेख खटकणं स्वाभाविक आहे, आदरार्थी बोलणं ही मराठीची रीत आहे. पण त्या बोलण्यात पंतप्रधानांनी पत्करलेल्या धोक्याची दखलही होती आणि ती त्या गदारोळात हरवली. एक शब्द पकडून बाकीचं भाषण टाकून देणं, हा मी मागतो त्या ऐकण्याच्या नेमका उलटा प्रकार आहे. मला अख्खं वाक्य हवं आहे, त्याच्या मागचं-पुढचं हवं आहे, वगळलेलं कलमही हवं आहे.

त्यासाठी साधन लागेल. करार छापला जातो, त्यावर सह्या होतात. तो मान्य करून घेताना केलेली भाषणं मात्र ऐकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये पडून राहतात आणि फोन बदलला की जातात. आज इथं भरलेल्या या संमेलनाला माझी विनंती आहे, की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या गेटसभांची, कामगार मेळाव्यांची आणि व्यवस्थापनाच्या जाहीर भाषणांची ध्वनिमुद्रणं गोळा करावीत, ती शब्दशः उतरवावीत आणि प्रत्येक भाषणाशेजारी त्या वेळचा करार ठेवावा. हे काम प्राध्यापकांवर सोपवून मोकळं होऊ नये. उतरवून घेणाऱ्यांत कायम कामगार असावा, कंत्राटी असावा, ज्या नेत्याचं भाषण आहे तोही असावा, आणि पहिला खंड पुढच्या संमेलनात याच व्यासपीठावर त्या सगळ्यांनी मिळून वाचून दाखवावा.