कार्तिकस्वामी आणि आपल्या माता-भगिनी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाचे काम चालू असता एक प्रश्न गावात पुन्हापुन्हा निघाला. शंकराच्या परिवारात कार्तिकस्वामीची मूर्ती बसवली, तर बायकांनी दर्शनाला यायचे कसे? प्रश्न क्षुल्लक नव्हे. या बांधकामाला रेतीच्या पाट्या ज्यांनी डोक्यावरून वाहिल्या, त्यांनाच उंबऱ्याबाहेर उभे करायचे काय?

आपल्याकडील गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. गणपतीने आईबापांभोवती फेरी घालून पैज जिंकली आणि कार्तिकस्वामी रुसून निघून गेले. जी स्त्री आपले मुख पाहील ती सात जन्म विधवा होईल, असा त्यांनी शाप दिला. पुढे उःशाप मिळाला तो कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राचा योग असेल तेवढ्या वेळेपुरता. या शापाचा उतारा मागितला, तर गावागणिक नोंद निराळी निघते, ही गोष्ट वेगळी.

तमिळ मुलखात हाच देव मुरुगन. तोही फळासाठी रुसला आणि पळनीच्या डोंगरावर जाऊन राहिला. मात्र तिथल्या गोष्टीत बायकांना शाप नाही. उलट त्याला दोन बायका आहेत. देवसेना ही इंद्राची कन्या, आणि वल्ली डोंगरातल्या पारध्यांच्या घरी वाढलेली, मचाणावर बसून शेतातली पाखरे हाकणारी. आपल्या आगरी-कोळ्यांच्या घरात शोभेल अशी सून!

त्याची स्कंदषष्ठी दिवाळीची अमावास्या सरली की प्रतिपदेपासून सहा दिवस चालते. समुद्रकाठच्या तिरुचेंदूरला सहाव्या दिवशी सूरपद्माचा वध दाखवतात. असुर आंब्याचे झाड होऊन उभा राहिला. पार्वतीने दिलेल्या भाल्याने, म्हणजे ‘वेल’ने, देवाने त्याचे दोन तुकडे केले. एकाचा मोर झाला, दुसऱ्याचा कोंबडा. मोर वाहन झाला, कोंबडा निशाणावर बसला. वैऱ्यालाही देवाने पदरी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी देवाचे लग्न लागते. मूलबाळ व्हावे म्हणून बायका या षष्ठीचा उपास धरतात, आणि तैपूसमला दुधाचे कलश डोक्यावर घेऊन देवळात जातात.

आपल्या खंडोबाचे षड्रात्रही मार्गशीर्षात प्रतिपदेला बसून चंपाषष्ठीला उठते. कर्नाटकात कुक्के सुब्रह्मण्याचा उत्सव त्याच षष्ठीला असतो.

मीरा-भाईंदरची १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मिठागरांच्या या गावांत दक्षिणेकडील कुटुंबेही येऊन राहिली. चेंबूरच्या छेडानगरात मुरुगनाचे देऊळ आहे. तिथे सवाष्णी रोज दर्शन घेतात. सहा कृत्तिकांनी अंगावर पाजले म्हणून ज्याचे नाव कार्तिकेय पडले, त्याला बाईचे तोंड वर्ज्य कसे, हे शाप सांगणाऱ्यांनी एकदा समजावून द्यावे.

मूर्तीचा निर्णय समितीच्या पुढील बैठकीत व्हायचा आहे. बैठक सभामंडपात, संध्याकाळी दिवेलागणीनंतर होईल. घरोघरच्या बायकांनी तिला यावे. त्यांना विचारल्याखेरीज ठराव लिहू नये, एवढीच समितीला विनंती.