ऑडिशन
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या एका माजी सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आपल्या गणपतीतल्या नाटकांत मी कायम पडदा ओढणारा. पण गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेला गेलो आणि चक्क ऑडिशन देऊन आलो! तिच्या गावातली हौशी मंडळी ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ बसवत होती. ॲबी मान यांची ही कथा १९५९ साली आधी टीव्हीवर आली, १९६१ साली सिनेमा निघाला, नाटक त्यानंतरचं. मूळ खटला खरा. हिटलरच्या राजवटीतले न्यायाधीश, सरकारी वकील आणि न्यायखात्यातले अधिकारी अशा १६ जणांवर १९४७ साली तो चालला. १० जण दोषी ठरले. त्यांनी कोणावर बंदूक रोखली नव्हती. कायद्याची पुस्तकं समोर ठेवून निकाल दिले होते, सह्या केल्या होत्या.

ऑडिशनला आलेल्या प्रत्येकाला वकील व्हायचं होतं. मोठी भाषणं त्यांचीच ना! आरोपीच्या पिंजऱ्यात बसायला कोणी तयार होईना. शेवटी दिग्दर्शिकाबाईंनी मला यानिंगचा उतारा दिला. हा विद्वान न्यायाधीश बराच वेळ गप्प बसतो आणि मग स्वतःच उठून गुन्हा कबूल करतो. बाई म्हणाल्या, “अभिनय नको. तुमच्या डोळ्यांदेखत झालेलं काहीतरी आठवा आणि वाचा.”

मला आपले पहिले वॉचमनकाका आठवले.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल. एका घरातली सोन्याची चेन हरवली, संशय काकांवर आला आणि त्याच रात्री कमिटीने त्यांना काढलं. पत्र मी लिहिलं, सही माझी. त्यांनी चोरी केली नसावी असं मला वाटत होतं. पण सगळ्यांचं एकमत होतं, मीटिंगही लांबली होती. आठ दिवसांनी चेन कपाटातच साडीच्या घडीत सापडली. काकांना काढल्याचा ठराव मिनिट बुकात आहे. चेन सापडल्याची नोंद कुठेच नाही. ती मी केली नाही.

कुठे न्यूरेंबर्ग आणि कुठे आपली सोसायटी! तुलना नाहीच. पण यानिंगचा उतारा मला पुरा वाचता आला नाही. भूमिका अर्थातच दुसऱ्याला मिळाली.

तेव्हा एकच विनंती. येत्या वार्षिक सभेत तो ठराव रद्द करावा आणि काकांना तसं पत्र पाठवावं. त्यांच्या गावचा पत्ता मी शोधतोय. पत्रावर सही मात्र माझी असू द्या.