ग्रहण, विळी आणि सून

ग्रहण लागले की कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून, आणि ठाण्याच्या नव्या सदनिकांतूनही, गर्भवती सुनेच्या हातची विळी काढून घेतली जाते. एवढे करूनही मूल चेहऱ्यावर डाग घेऊन आले, तर 'हिनेच काहीतरी चिरले असणार' हा निवाडा सासरी तयार असतो.

नवजात बालकाच्या कपाळावरचे, पापण्यांवरचे फिकट गुलाबी डाग विस्फारलेल्या केशवाहिन्यांचे असतात. बहुतेक वर्षा-दोन वर्षांत मावळतात. जांभळट-लाल, सपाट डाग मात्र कायम राहतो. त्याचे कारण 2013 साली अमेरिकेतील संशोधकांनी उजेडात आणले : गर्भाची घडण चालू असता एखाद्या पेशीतील जीएनएक्यू या जनुकात आपोआप होणारा बदल. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. (चंद्रसूर्यांना तर त्याची वार्ताही नसते!)

असा डाग कपाळावर व वरच्या पापणीवर असल्यास काचबिंदू आणि आकडी यांचा संभव असतो. डोळे पहिल्या काही आठवड्यांतच तपासून घ्यावे लागतात. नेमके तेच दिवस आपल्याकडे बाळंतिणीच्या उलटतपासणीत जातात. आशासेविकांबरोबर आपले कार्यकर्ते अशा घरी गेले, तर त्यांनी प्रथम सासूशी बोलावे आणि मग बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.