सुट्टीतली नोकरी संपली, आता पुढचे सहा महिने

(कर्जत-खालापूर भागातल्या ठाकुरवाडीत झालेल्या विद्यार्थी शिबिरातील समारोपाचं भाषण)



मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी एप्रिल-मे कामात घालवला. कुणी फार्महाऊसवर पाहुण्यांच्या खोल्या लावल्या, कुणी खोपोलीच्या रस्त्यावर हॉटेलचा गल्ला सांभाळला, कुणी पनवेलला कपड्यांच्या दुकानात उभं राहिलं, कुणी मामूंच्या मोबाईलच्या दुकानात बसलं. आता कॉलेज सुरू होतंय आणि तुमच्यातले काहीजण पुढचे सहा महिने आपल्या चळवळीचं काम कॉलेजात करणार आहेत. मानधन मे महिन्याच्या पगारापेक्षा कमी आहे, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आज मला बोलायचंय ते या बदलाबद्दल.

पहिली गोष्ट. सुट्टीतल्या नोकरीला किरकोळ समजू नका. तिथे तुम्ही वेळेवर पोहोचायला शिकलात. चिडलेल्या गिऱ्हाईकाशी आवाज न चढवता बोलायला शिकलात. रात्री गल्ला मोजून एक रुपयाचा फरक आला तर तो शोधायला शिकलात. खरं सांगू? चळवळींकडे नेमकं हेच कमी असतं. चारची बैठक पाचला सुरू होते आणि चहाचे पैसे कुणी दिले याची नोंद कुठेच नसते. तेव्हा ती शिस्त दुकानात ठेवून येऊ नका. ती आम्हाला हवी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे काय बदलतं. दुकानात मालक काम सांगतो, संध्याकाळी शटर खाली आलं की तुम्ही मोकळे. कॉलेजात काम सांगणारा कुणी नसतो. ज्याचं काम अडलंय तोच तुमचा मालक. आणि त्याचं काम एका दिवसात होत नाही.

उदाहरण देतो. आपल्या वर्गात बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा घरांतली मुलं असतात. महाराष्ट्रात या जमाती ओबीसींच्या यादीत आहेत. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारही त्यांच्या सभांना गेले, तेव्हा कुठे हा प्रश्न लोकांपर्यंत पोहोचला. पण मुलाच्या दाखल्यावर नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं असतं आणि त्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायचा, ती शाळा बंद झाली असेल तर तालुक्याला जायचं, मग तहसील, मग नॉन-क्रिमीलेअर, मग पडताळणी समिती. यात तीन महिने सहज जातात. आपल्या कोकणातल्या बऱ्याच घरांना हा दाखला लागू होत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचं बघायचं. म्हणून आधी नीट विचारा, मग धावपळ करा. 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ आहे. एका कागदावर एखाद्या बहिणीचं शिक्षण अवलंबून असतं.

ज्या वाडीत आपण बसलोय, तिथल्या मुलांनाही कागदाचाच प्रश्न आहे. ठाकूर जमात अनुसूचित जमातींमध्ये आहे, पण पडताळणीत ठाकूर मुलांचे दावे वर्षानुवर्षं अडकत आले. तुमच्या चालीरीती, तुमची बोली जमातीशी जुळते का, अशी परीक्षा घेऊन दावे नाकारले जायचे. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही परीक्षा म्हणजे शेवटचा निकष नव्हे. हा खटला ठाकूर समाजाच्याच समितीने लढवला होता. आपल्या तांबोळी मुलाचं आणि इथल्या ठाकूर मुलाचं दुखणं एकाच खिडकीसमोर आहे. म्हणून कॉलेजात टेबल मांडाल तेव्हा त्यावर ‘फक्त मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी’ अशी पाटी नको. युसूफ मेहेरअली आपल्यातलेच. सायमन कमिशन 1928 मध्ये मुंबईला आलं तेव्हा तरुणांना रस्त्यावर आणणारे. त्यांच्या नावाचं केंद्र पनवेल तालुक्यात तारा इथे काम करतंय, आणि आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांत त्याची ओळख आहे ती कामामुळे. कुणाचा धर्म काय, हे तिथे दारावर विचारत नाहीत.

तिसरी गोष्ट, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरी बसून हिशोब करा.

हमीद दलवाईंचं नाव आपण घेतो. 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू झालं, हे आपण शिबिरात सांगतो. त्यांच्या सगळ्या मतांशी तुम्ही सहमत असायला पाहिजे असं नाही. पण पत्रकाराची नोकरी सोडून हा माणूस पूर्णवेळ फिरत होता, तेव्हा घर कोण चालवत होतं? मेहरुन्निसा दलवाई. त्या खादी कमिशनमध्ये नोकरी करत होत्या. दोन मुली, नवऱ्याचं आजारपण, त्यात मोर्च्यांची धावपळ. 1977 मध्ये दलवाई गेले, तेव्हा ते पंचेचाळिशीचेही नव्हते. त्यानंतर मेहरुन्निसाभाभींनी मंडळाचं कामही पुढे नेलं. आपल्या आठवणी त्यांनी ‘मी भरून पावले आहे’ या पुस्तकात लिहिल्या आहेत. प्रत्येकाने वाचा, मुलांनी तर नक्कीच.

मी हे का सांगतोय? कारण कुणी पगार सोडून समाजाचं काम करतो तेव्हा उरलेला पगार दुसरं कुणीतरी भरत असतं. बहुतेक वेळा ती अम्मी असते किंवा बहीण. ती शिवणकामाचे दोन तास वाढवते आणि तुम्हाला कळतही नाही. मग आपण व्यासपीठावरून स्त्रियांच्या हक्कांवर बोलतो! हे बरोबर नाही. म्हणून या आठवड्यात घरी बसा आणि सरळ सांगा: मे महिन्यात एवढे आणले, पुढचे सहा महिने एवढे कमी येतील, फी अशी भरू, रविवारी दुकानात बसून एवढे मिळवीन. अब्बा नाही म्हणाले तर त्यांना समाजद्रोही ठरवू नका. त्यांच्या नाहीमागे बहुतेक वेळा घराचा हप्ता असतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी नोकरी चालू ठेवावी आणि आठवड्यातले दोन तास द्यावेत. सय्यदभाई पोटापाण्याचे कष्ट करतच आयुष्यभर चळवळीत राहिले. बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकाने ते या कामात आले, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चळवळीत पूर्णवेळवाले मोठे आणि दोन तासवाले छोटे, असं आपण मानत नाही.

आता दोन व्यवहाराच्या सूचना. मुलींच्या घरी फक्त पैशाची काळजी नसते. उशीर, लोकल, मोहल्ल्यातली बोलणी, हे सगळं असतं. म्हणून बैठका दिवसाउजेडी घ्या, म्हणजे मुलीला कर्जत किंवा खोपोलीची गाडी अंधार पडायच्या आत मिळेल. आणि बैठक कुठे आहे हे तिच्या घरी आधी कळवा. मुलगी आली नाही तर ‘ती मागासलेली’ म्हणण्याआधी आपली वेळ तपासा.

दुसरी सूचना, सगळं उघड करा. चार मुस्लिम पोरं कॉलेजात एकत्र बसली की कुणाच्या तरी भुवया वर जातात. हे कटू आहे, पण खरं आहे. त्यावर उपाय एकच. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, विषय फलकावर लावा, सगळ्यांना बोलवा, दरवाजा उघडा ठेवा, खर्चाची वही टेबलावर ठेवा. संविधानाचं वाचन लपून करण्यासारखं काम नाही. आणि आत आलेल्याला, नमाज पढतोस का, हिजाब का घालतेस किंवा का घालत नाहीस, हे विचारू नका. ते त्याचं आणि अल्लाहचं आहे. आपलं काम कागदाचं आहे, पुस्तकाचं आहे, हक्काचं आहे.

सहा महिन्यांनी आम्ही तुम्हाला किती सभा घेतल्या हे विचारणार नाही. किती जणांचं अडलेलं काम पुरं झालं, कुणाचं राहिलं आणि का राहिलं, आणि घरचा हिशोब जुळला का, एवढंच विचारू. गल्ला मोजायची सवय तुम्हाला आहेच.

आज घरी गेल्यावर आधी अम्मीशी बोला, मग आम्हाला फोन करा. तुमचं उत्तर हो असो की नाही, चहा आमच्याकडून.