रायबोझोमचा वेग आवरणारं विकर



आपल्या पेशींमध्ये रायबोझोम नावाची लाखो यंत्रं अखंड प्रथिनं घडवत असतात. माणसाच्या एका रायबोझोममध्ये आरएनएचे चार रेणू आणि ८० प्रथिनं असतात. संदेशवाहक आरएनएवरची तीन-तीन अक्षरं वाचत हे यंत्र पुढं सरकतं आणि सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं एकापुढं एक जोडतं. आज मी सांगणार आहे ते या यंत्राचा वेग आवरणाऱ्या एका विकराविषयी, म्हणजे एन्झाइमविषयी. त्याचं नाव मेट्ल-१८.

हे विकर करतं काय? रायबोझोमच्या मोठ्या भागात आरपीएल-३ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीतल्या २४५व्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं. त्यावर मेट्ल-१८ एक मेथिल गट चिकटवतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! रेणूंचं वजन ज्या एककात मोजतात त्या डाल्टनमध्ये सांगायचं, तर अख्ख्या रायबोझोमचं वजन सुमारे ४३ लाख, आणि या खुणेनं त्यात भर पडते ती फक्त १४ची. एवढ्याशा खुणेनं काय फरक पडणार, असं कुणालाही वाटेल.

पण फरक पडतो. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये तो दाखवून दिला. साखळीत टायरोसिन हे अमिनो आम्ल जोडायची वेळ आली की खूण असलेलं रायबोझोम तिथून जरा सावकाश पुढं जातं. विकर काढून टाकलेल्या पेशींमध्ये खूण नसते, आणि तिथं रायबोझोम टायरोसिनवरून भरभर निघून जातं.

मग भरभर काम झालं, तर बिघडलं कुठं? बिघडतं ते घडीत. प्रथिनाची साखळी रायबोझोममधून बाहेर पडत असतानाच दुमडू लागते, आणि ती नेमकी दुमडली तरच प्रथिन कामाचं होतं. नऊवारीच्या निऱ्या घाईनं घातल्या तर लुगडं नीट बसत नाही, तसंच हे. या पेशींमध्ये टायरोसिन भरपूर असलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या. म्हणजे तो क्षणभराचा विलंब हा यंत्रातला दोष नव्हे. साखळीला दुमडायला दिलेली ती सवड आहे. माझ्या मते या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जास्त प्रथिन म्हणजे निरोगी पेशी, हा हिशेब पुरा पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. ही खूण अधूनमधून एखाद्याच रायबोझोमवर आढळते असं नाही. पाहिलेल्या मानवी पेशींत ती जवळपास सगळ्याच रायबोझोमवर होती. यीस्टमध्येही याच कुळातलं एक विकर याच प्रथिनावर अशीच खूण करतं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा फुटून कित्येक कोटी वर्षं लोटली, तरी ही रीत टिकून आहे.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना मला एक आवर्जून सांगायचं आहे. १४ डाल्टनचा फरक वजनातून ओळखणं, गोठवलेल्या रायबोझोमची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहणं, ही कामं भौतिकशास्त्राशिवाय होत नाहीत. रायबोझोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकटरमण रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. तेव्हा तुमचा विषय भौतिकशास्त्र असो की रसायन, जीवशास्त्राचं दार आपल्यासाठी बंद आहे असं समजू नका. रायबोझोमच्या बहुतेक खुणांचं काम अजून कळायचं आहे, आणि त्या कामाला माणसं हवी आहेत.